पोत डब्यात राहिली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डबा लावणं. सकाळचे आठ वाजले होते. ती ओट्याजवळ उभी होती, बाहेर जायची साडी नेसून. गळ्यातली मंगळसूत्राची पोत काढून मुठीत धरली होती. मी स्टुलावर, मांडीवर डबा. तिनं मूठ डब्यात रिकामी केली. मी झाकण सरकवलं, डबा एकदा उलटा करून सुलटा केला. आत टक्‌ वाजलं.

"लागला?"

"लागला."

"आल्या आल्या काढून देजा. पोतीबिगर मले कसंतरी वाटून राहिलं."

"दोन तासांत येतो आपण. मी सवता घालीन तुझ्या गळ्यात."

"या वयात? उठा, दूध झाका अगुदर."

मी दूध झाकलं. तिनं कुलूप लावलं.

तिची कंबर सहा महिन्यांपासून धरली होती. डॉक्टरांनी मशीनमधला फोटो काढायला सांगितलं होतं, रामदासपेठेत. आदल्या दिवशी तिथल्या बाईनं फोनवर बजावलं की अंगावर धातूचं काही ठेवू नका, मशीनमध्ये मोठं चुंबक असतं. ते ऐकून मी खूश. ऑटोत बसल्यापासून तेच लावलं होतं, की केवढं असेल, लोखंडी पलंगसुद्धा ओढून घेतं म्हणतात.

ती म्हणाली, "पसंत पडलं तं घरी घेऊन येसान. पलंगाखाली जागा आहे अजून."

ऑटोवाला हसला. मीही हसलो.

तिथं बाकावर बसलो. आमच्या आधी चार जण होते. तिनं पाणी मागितलं. मी बाटलीचं झाकण काढेपर्यंत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं डुलकी लागली. खरं सांगायचं तर मी तेव्हा समोरच्या दारावर लावलेलं चुंबकाचं चित्र पाहत होतो. डॉक्टर लोक धावत आले, तासभर झटले. कोणाची काही चूक नाही. मशीनचीही नाही, ती आत गेलीच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले.

एक वाजता तिला घरी आणली.

आता डब्याचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मोटरी बांधायच्या कामाला होतो, म्हणजे जळालेली मोटर खोलायची, तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. त्या कामात चुंबकाशी रोज गाठ पडते. गिरणीत मशीन बसवायला बाहेरगावचा एक माणूस आला होता. जाताना त्यानं मला एक पितळी बोल्ट दिला, त्यावर नट. नट फिरायचा, पण निघायचा नाही. म्हणाला, खोलून दाखव. एकोणीस दिवस लागले मला. शेवटी वैतागून तो टेबलावर भोवऱ्यासारखा फिरवला आणि नट सुटला. आत दोन बारीक खिळे होते, चुंबकानं धरून ठेवलेले. जोरात फिरवलं की ते बाहेरच्या बाजूला फेकले जात आणि नट मोकळा होई. त्या दिवशी डबा खायचा विसरलो मी.

तिथून नाद लागला. चुंबकाची कोडी. किल्लीचं भोक नसलेलं कुलूप, ज्याच्या पोटावर बरोबर जागी चुंबक ठेवलं तरच कडी सुटते. सहा लाकडी तुकडे, जे एकमेकांना ढकलतात आणि एकाच रीतीनं जोडले तर गप बसतात. काचेसारख्या डबीतली सुई, जी चुंबकानं ओढत ओढत चक्रव्यूहातून बाहेर काढायची. काही प्रदर्शनात घेतली, काही भंगारातून उचलली, पुढं पोरीनं मोबाईलवरून मागवून दिली. चाळीसच्या वर झाली. पलंगाखालच्या पेटीत ठेवायचो.

बायको पहिल्यांदा त्याला कचरा म्हणायची. मग दुपारच्या चहानंतर हळूच एखादं हातात घेऊ लागली. तिचा हात माझ्याहून चांगला होता. मी विचार करत बसायचो, ती नुसती फिरवत राहायची, गोष्टी सांगत, आणि मध्येच ते उघडायचं. "घ्या," म्हणायची. मला राग यायचा. राग आला की मी त्या दिवशी तिच्याशी धड बोलायचो नाही. आता लिहायला काय जातंय.

एकदा एक चौकोनी डबी मला महिनाभर उघडेना. मी हातोडी घेतली आणि फोडली. आत काय होतं ते पाहिलं. ती भाकर थापत होती. मागं वळूनही न पाहता म्हणाली, "हे तं कोणीबी करते." एवढंच. पण ते मला असं लागलं की त्यानंतर आमच्या घरात नियम झाला. फोडायचं नाही. हरलं तर हरलं म्हणायचं, पण फोडायचं नाही.

रिटायर झाल्यावर मी एक डबा स्वतः केला. सागवानी, तळहाताएवढा, जाड भिंतीचा. चाळीस कोडी जमवली, तयार केला तो हा एकच. भिंतीच्या आत एक उभी खाच, खाचेत हरभऱ्याएवढं चुंबक. झाकणात लोखंडाचा तुकडा बसवला होता. डबा लावून उलटा केला की चुंबक झाकणाकडे जाऊन चिकटायचं, अर्धं झाकणात अर्धं भिंतीत, म्हणजे कडीच लागली. उघडायचा तर डबा डाव्या कुशीवर कलता धरून बूड तळहातावर तीनदा आपटायचं. चुंबक सुटून खाली घसरायचं, झाकण सरकायचं. ज्याला माहीत त्याला अर्धा मिनिट. माहीत फक्त आम्हा दोघांना. ती त्यात लवंगा-विलायची ठेवायची. पोत त्या दिवशी पहिल्यांदा गेली, कारण पोत गळ्यातून निघालीच त्या दिवशी पहिल्यांदा.

तिच्या पोतीचंही सांगायला पाहिजे. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. घरातल्या बायांनी तिच्या आईच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या आणि पोत ओढून काढली. ओढताना मणी तुटले, आणि ते वेचायला हिलाच बसवलं. हे तिनं मला लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी सांगितलं, मटार सोलता सोलता. मग म्हणाली, "मी तुमच्या अगुदर जाईन. पोत घालून जाईन. कोणाले हात लावू देजा नाही." पुढं हे ती नेहमीच म्हणायची, भाजी आणा म्हणावं तसं. मी म्हणायचो, मंग मले चहा कोण देईन. ती म्हणायची, ओट्याशी उभं राहून शिका. तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलं असेल तर मला आठवत नाही.

पोरगी उमरेडला दिलेली. दोनच्या बसनं आली. माझी साळी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, आधीच आली होती. बाजूला राहणारे एक रिटायर बाबू आहेत, बँकेत होते. गाडी, बांबू, लाकडं सगळं त्यांनीच फोनवर ठरवलं. म्हणाले, "भाऊ, गाडी पाच वाजता येते. घाटावर उजेड असतानाच झालं पायजे."

मी मान हलवली.

बायांनी पडदा धरून तिला आंघोळ घातली. नवरा जिवंत असताना गेलेली बाई, म्हणजे सवाशीण. तिला नवरीसारखी सजवायची रीत आहे. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. जोडवी तिनं सकाळी साबण लावून काढली होती, ती देवाजवळ होती, ती घातली. साळी ओले हात घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, पोत द्या."

मी आतून डबा आणला. डाव्या कुशीवर धरला, तीनदा आपटला, झाकण ओढलं. झाकण हललं नाही.

पुन्हा केलं. नाही.

"काय झालं?"

"काही नाही. थांब."

पाच-सहा वेळा केलं. दहा वेळा केलं. उन्हाळ्यात लाकूड आवळतं, पावसाळ्यात फुगतं, हे मला माहीत होतं, पण हे दिवस दोन्हीतले नव्हते आणि सकाळी झाकण लोण्यासारखं सरकलं होतं. मी डबा कानाजवळ धरून हलवला. आत पोत वाजायला पाहिजे होती. काहीच वाजलं नाही. चुंबकही वाजलं नाही.

साळीनं ते पाहिलं. "भाऊजी, अंदर आहे ना?"

"माझ्या डोळ्यांदेखत ठेवली."

"मंग वाजत काहून नाही?"

"मले काय माहीत काहून नाही."

"तिनं मंग काढून पर्समध्ये नाही ना टाकली? दवाखान्यात कोणी…"

"अवं, माझ्या मांडीवर डबा होता. मी झाकण लावलं. कोणाचं नाव घेऊ नको."

पोरीनं तरी पर्स उलटी केली. रुमाल, गोळ्यांची पट्टी, घराची किल्ली, ऑटोवाल्याला द्यायला काढलेली चिल्लर. पोत नव्हती. आता सगळ्यांचे डोळे डब्यावर. अंगणात लोक जमले होते, दारातून वाकून पाहत होते. कोणीतरी बाहेर विचारलं, काय चाललंय. कोणीतरी सांगितलं, म्हाताऱ्याचा काहीतरी डबा उघडून नाही राहिला.

ते मला ऐकू आलं.

साडेतीन झाले. मी भिंतीला टेकून बसलो आणि डबा पद्धतीनं घेतला. उजव्या कुशीवर. उभा. तिरपा. झाकण दाबून धरून. झाकण ढिलं सोडून. हळू टिचक्या, जोरात टिचक्या. समोर चटईवर ती होती. हिरवी साडी, कपाळ लाल, गळा रिकामा. मी तिकडं पाहत नव्हतो. मी डब्याकडं पाहत होतो.

पोरगी जवळ येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, फोडा."

"फोडायचं नाही."

"बाबा."

"पाच मिनिट दे."

ती उठली आणि ओट्यावरचा वरवंटा घेऊन आली. माझ्यासमोर ठेवला. मी वरवंटा पायानं बाजूला सारला.

साळीचा आवाज चढला. "अहो भाऊजी, डबा आहे तो, देव नाही! तिचा जीव पोतीत होता. तुमाले माहीत नाही का?"

"तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मंग घाला ना एक दगड त्याच्यावर!"

"ती असती तं म्हणली असती, हे तं कोणीबी करते."

"ती आता म्हणून नाही राहिली!" साळी म्हणाली आणि रडायला लागली. मग बाकीच्या बायाही रडायला लागल्या. मी आपटत राहिलो. टप, टप, टप. रडणं आणि ते टपटप, दुसरा आवाज नाही घरात.

सव्वाचारला पोरीनं डबा माझ्या हातातून ओढला. म्हणाली, "मी पाहते." मी हिसकून परत घेतला. तिच्या बोटाला झाकणाची कड लागली, खरचटलं. पंचेचाळीस वर्षांची पोरगी, आई समोर पडलेली, आणि तिनं ते बोट लहानपणी तोंडात घालायची तसं तोंडात घातलं. माझ्याकडं पाहत राहिली. मी म्हणालो, "तुले नाही जमणार." हेच शब्द. मी ते बदलून लिहू शकत नाही.

बाबू आत आले. घड्याळ पाहत म्हणाले, "भाऊ, ऐका. इतवारीत माणूस पाठवतो, काळे मणी अर्ध्या तासात येतात. नवी पोत घाला, चालते."

"तिची पायजे."

"मंग तोडा."

"नाही."

"भाऊ, म्या आयुष्यात लय हट्टी लोक पाह्यले," ते म्हणाले, आणि पुढचं गिळून बाहेर गेले.

पाचला दहा कमी असताना गाडी आली. ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, इथून पुढं मले अजून एक जागी जायचं आहे, काका. माझी बोटं तोवर सुजली होती. डब्याच्या बुडाला माझ्या तळहाताचा घाम लागून काळा डाग पडला होता. मी म्हणालो, पाच मिनिट. ड्रायव्हरनं बाबूंकडं पाहिलं. बाबूंनी साळीकडं पाहिलं.

साळी स्वयंपाकघरात गेली. हळदीचं एक कांडं आणलं, पिवळ्या दोऱ्यात बांधलं. सोन्याची ऐपत नसली, की लग्नातही पोतीच्या जागी तेच बांधतात. माझ्या हातात द्यायला लागली. "नवऱ्यानं बांधायचं असते. बांधता का, का त्यालाही पाच मिनिट?"

मी डबा खाली ठेवला. दोरा घेतला. तिची मान उचलून दोरा मागून घेतला आणि गाठ मारली. बोटं सुजली होती म्हणून गाठ नीट बसेना, पोरीनं मारली. हळदीचं कांडं गळ्याच्या खळग्यात जाऊन बसलं. ओल्या साडीला त्याचा पिवळा डाग लागला.

मग तिला उचलली. डबा भिंतीशी जमिनीवर तसाच राहिला.

घाटावर पोरगीही आली. आजकाल येतात, कोणी अडवलं नाही. मला मुलगा नाही, अग्नी मीच दिला. लाकडं रचून झाली, तिच्या अंगावर शेवटची फळी ठेवायच्या आधी पोरगी माझ्या कानाशी आली.

"बाबा, डबा कुठं आहे?"

"घरी."

"आणायचा होता ना. डब्यासकट ठेवून देला असता तिच्या छातीवर. लाकूडच होतं. तिची पोत तिच्यासोबत गेली असती."

दोन तास मी तो डबा हातात घेऊन बसलो होतो. घरात वीस माणसं होती. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच, कारण मला तो उघडायचा होता. घर तिथून पाऊण तास लांब. अंधार पडत आला होता. लाकडं रचणारा माणूस फळी हातात धरून थांबला होता.

"ठेव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. उठलो म्हणजे बसलो, झोप नव्हतीच. तिला जिथं ठेवलं होतं तिथं पोरीनं दिवा लावला होता, तो चालू होता. डबा भिंतीशी होता. मी तो मांडीवर घेतला. उघडायला नाही. हातात काहीतरी पाहिजे म्हणून.

पोरगी कोरा चहा घेऊन आली. घरात चूल पेटवायची नसते, चहा साळीकडून थर्मासमध्ये आला होता. ती कप द्यायला वाकली, तशी तिच्या गळ्यातली पोत पुढं लोंबली आणि सरळ माझ्या डब्याला जाऊन चिकटली. टक्‌.

तिनं ओढून सोडवली. पुन्हा वाकली, पुन्हा चिकटली.

"हे काय आहे?" मी म्हणालो.

"काय काय आहे?"

"पोतीले काय लावलं तू?"

"पिना आहेत बाबा. सेफ्टी पिना." तिनं पोत उचलून दाखवली. डोरल्याच्या बाजूला तीन पिना अडकवलेल्या. "पदराले लागतात, कोणाची चप्पल तुटली तं लागतात. आईच्याही होत्या की. सगळ्या बाया लावतात."

सगळ्या बाया लावतात. शेहेचाळीस वर्षं माझ्या समोर होत्या त्या पिना. माझ्या कुडत्याची गुंडी तुटली की ती गळ्यातलीच पिन काढून लावायची. मी त्या कधी पोतीचा भाग म्हणून मोजल्याच नाहीत. सकाळी तिनं मूठ रिकामी केली तेव्हा पोतीसोबत पिना आत गेल्या, डबा उलटा केला तेव्हा झाकणाशी, भिंतीच्या कोपऱ्यात, चुंबकाच्या अगदी पाठीशी जाऊन चिकटल्या, आणि चुंबकाला धरून बसल्या. म्हणून पोत वाजली नाही. म्हणून चुंबक खाली घसरलं नाही. मी हजारदा आपटलं असतं तरी घसरलं नसतं. लाकूड मी जोखलं, वजन जोखलं, खाच जोखली. बायकोच्या गळ्यात काय असतं ते मला माहीत नव्हतं.

पेटीतून मी मोठं चुंबक काढलं, जुन्या भोंग्यातलं. ते डब्याच्या बुडाशी धरलं. आत खर्रकन काहीतरी ओढलं गेलं. ते तसंच धरून ठेवून मी डबा कलता केला, आपटायची गरजच पडली नाही. झाकण एका बोटानं सरकलं.

पोत आत होती. दोन वाट्या, काळे मणी, चार पिना.

पोरीनं पाहिलं. मग म्हणाली, "झालं. उघडला." तिच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येत नाही, पण कौतुक नव्हतं.

मी म्हणालो, "काल मले पोत नव्हती पायजे वं. डबा जिंकायचा होता."

"ते सगळ्यांले दिसून राहिलं होतं बाबा."

तिनं कप उचलला. चहा थंड झाला होता, ती दुसरा ओतायला गेली. मी पायात चपला घातल्या.

"कुठं चालले?"

"घाटावर."

"राख तिसऱ्या दिवशी गोळा करतात. आज काय करता जाऊन?"

"गोळा करायले नाही चाललो."

ती दारात आली, म्हणाली, मी येते. मी म्हणालो, नको. तिला माझ्या हातात पोत दिसत होती. आईची पोत पोरीला जायला हवी, असं लोक म्हणतात, आणि ती तसं म्हणाली असती तर मी दिली असती की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली नाही.

घाटावर कालचाच माणूस झाडत होता. मला ओळखलं. "काका, आज कायले आले? अजून गरम आहे सगळं. उद्या या, पाणी मारून ठेवतो."

मी त्याला पोत दाखवली. काय करायचं आहे ते सांगितलं.

तो झाडू टेकवून उभा राहिला. "सोनं आहे, काका."

"हाव."

"उद्यापर्यंत राहणार नाही ते इथं. आताच सांगून ठेवतो. रात्री कोण कोण येते, राख चाळते. मंग माझ्या नावानं बोंबलू नका."

"नाही बोंबलत. तिच्या गळ्यात एक दिवस राहिली तरी झालं."

त्यानं अजून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग बाजूला पडलेल्या काठीनं राखेच्या एका टोकाकडं दाखवलं. "डोकं इकडं होतं."

"माहीत आहे. मीच ठेवलं होतं."

पिना काढल्या नाहीत. पिनांसकट घातली. डोक्याच्या खाली, जिथं गळा येईल तिथं, हातानं राख बाजूला केली. वरची राख गार होती, मऊ होती. चार बोटं खाली गेलो तर चटका बसला. तो माणूस ओरडला, "काका, काठी घ्या ना!" मी काठी घेतली नाही. पोत गोल करून ठेवली, वाट्या खालच्या बाजूला, घालतात तशा, आणि वरून राख ओढून घेतली.

"जा, हात पाण्यात धरा," तो म्हणाला. "फोड येईन."

मी नळाखाली हात धरून उभा राहिलो. त्यानं माझ्यामागं झाडायला सुरुवात केली. आमच्या जागेपर्यंत आला, तिथं थांबला, आणि तेवढी जागा सोडून पलीकडून झाडू लागला.